न बोलणाऱ्या मुलाची उन्हाळी सुट्टी

मे महिना उजाडला की जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातील गल्ल्या दुपारी ओस पडतात. पारा 42 अंशांच्या पलीकडे जातो, दारे-खिडक्या बंद होतात आणि कूलरच्या घरघरीत घरेच्या घरे संध्याकाळची वाट पाहू लागतात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत आलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांची सुट्टी पत्ते, कैऱ्या आणि आजोळ यांत कधी सरते ते कळतही नाही. मात्र स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता यांमुळे न बोलणारे मूल ज्या घरात आहे, तेथे शाळा बंद झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आईवडिलांची झोप उडते.

शाळेची बस, प्रार्थना, डबा आणि पुन्हा बस, या क्रमावर अशा मुलाचा सारा दिवस तोललेला असतो. तो क्रम एकाएकी नाहीसा होतो आणि शाळा का नाही, पुन्हा कधी, हे त्याला विचारता येत नाही. मग ते सकाळी दप्तर घेऊन दाराशी उभे राहते, ओरडते, स्वतःचाच हात चावते. घरची मंडळी त्याला हट्ट म्हणतात. वस्तुतः बहुधा ती विचारणाच असते. म्हणूनच मुलाला गुंतवायचे कशात, याआधी पुढे काय होणार हे त्याला दिसेल कसे, याची व्यवस्था करावी लागते.

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या ‘टीच’ या कार्यक्रमाने 1972 पासून चित्रांच्या वेळापत्रकाचा हा मार्ग रूढ केला. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा घ्यावा आणि त्यावर घरातल्याच वस्तूंची छायाचित्रे ओळीने लावावीत: दात घासण्याचा ब्रश, नाश्त्याची ताटली, कूलर, आजीची खाट. छापील चित्रांपेक्षा स्वतःच्या घरातला माठ मुलाला लवकर ओळखू येतो. एक काम संपले की ते चित्र काढून पाकिटात टाकायचे, आणि हे काम मुलानेच करायचे. संपूर्ण दिवसाची ओळ झेपत नसेल तर ‘आधी’ आणि ‘मग’ अशी दोनच चित्रे पुरतात.

आता कामांविषयी. खेळण्यांच्या दुकानात जाण्यापूर्वी स्वयंपाकघराकडे पाहावे, कारण उन्हाळा हा वाळवणांचा ऋतू आहे. सांडगे घालताना पिठाचे गोळे ताटात मांडणे, वाळलेले पापड डब्यात रचणे, कैरीच्या फोडींना मीठ चोळणे, ही कामे हातांना हवीहवीशी वाटतात आणि ती कोठे संपतात तेही डोळ्यांना दिसते. मगाने कूलरची टाकी भरणे हे तर अनेक मुलांचे दिवसाचे मुख्य आकर्षण ठरते; त्या वेळी कूलरचे बटण बंद आणि प्लग काढलेला असावा, आणि मोठ्या माणसाने जवळच उभे राहावे. दहा मिनिटांत काम सोडून मूल उठले तरी बिघडत नाही. सहा आठवडे तासन्‌तास बसवण्याचा अट्टहास कोणाच्याच कामाचा नाही.

या कामांतच संवादाची संधी असते. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 साली विकसित केलेल्या चित्र-विनिमय पद्धतीत मूल हव्या त्या वस्तूचे चित्र समोरच्याच्या हाती देते आणि ती वस्तू मिळवते. आंब्याच्या फोडी पारदर्शक डब्यात, डोळ्यांना दिसतील पण हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि क्षणभर थांबावे. आजीला हे थांबणे निष्ठुर वाटते, तरी मागण्याची गरजच उरली नाही तर मूल मागायला शिकणार कसे? पाणी आणि शौचालय यांसाठी मात्र कधीही अडवू नये. चित्रांची सवय लागली तर बोलणे कायमचे मागे पडेल, अशी भीती असते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात तपासलेल्या 27 जणांपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झाले नव्हते; बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रे आणि आवाज यांचे मोबाईल अ‍ॅपही याच कामाचे आहे.

उन्हाची बाब अधिक गंभीर. तहान लागली, डोके दुखते, हे या मुलाला सांगता येत नाही. अपस्मारावरील काही औषधांनी घामही कमी येतो. तेव्हा पाण्याच्या वेळा वेळापत्रकातच असाव्यात आणि औषधांविषयी डॉक्टरांना सुट्टीपूर्वीच विचारून घ्यावे. ग्वारीघाटावर नर्मदेकाठी न्यायचे तर पहाटे न्यावे. संध्याकाळच्या आरतीची गर्दी आणि घंटानाद अनेक मुलांना सोसत नाही. पाण्याची ओढ असलेल्या मुलाचा हात घाटावर क्षणभरही सोडू नये. त्याच्या खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

बँकेची फेरी हाही एक चांगला कार्यक्रम होऊ शकतो. पासबुक यंत्रात सरकवणे आणि छापलेले पान बाहेर येताना पाहणे, यात एक निश्चित आरंभ आणि शेवट आहे. शाखेतील कर्मचाऱ्यांनी अशा वेळी मुलाशीच बोलावे, छोटी वाक्ये वापरावीत आणि उत्तरासाठी थांबावे. न बोलणाऱ्याला ऐकू येत नाही असे समजून आवाज चढवण्याची चूक सर्रास होते.

बँकेने दिलेली भिंतीवरची दिनदर्शिकाही उपयोगी पडते. शाळा उघडण्याच्या तारखेवर शाळेच्या फाटकाचे छायाचित्र चिकटवावे आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी मुलाच्या हाताने एक चौकोन खोडावा. शेवटच्या आठवड्यात एकदा सकाळी त्याला त्या फाटकापर्यंत नेऊन आणावे, दप्तरासह.