शनीच्या लहरी आणि औंढ्याची लायगो

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा उभी राहणार आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला 2600 कोटी मंजूर केलेत, इथवर मुक्ताईनगरातली मंडळी शांतपणे ऐकतात. मग मागच्या रांगेतून ठरलेला प्रश्न येतो. "सर, मंग ग्रहांच्या लहरी येतात हे शास्त्रज्ञांनीच मान्य केलं ना? साडेसाती काय उगीच म्हणतात?" माना डोलतात. हल्ली पत्रिका बघणारेही 'गुरुत्वीय लहरी' सर्रास तोंडावर फेकतात, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला दोष तरी काय द्यायचा.

तर, नाही. असं कुणीही मान्य केलेलं नाही. उलट या लहरी ज्यांनी पकडल्या त्यांच्याच मोजमापाने हा दावा आडवा होतो.

आधी ओढ आणि लहर यांची गल्लत सोडवू. चंद्राने समुद्राला भरती येते ती ओढ. लहर म्हणजे अवकाशाचंच ताणणं-आकसणं. जड वस्तू एकमेकींभोवती फिरताना ते निघतं आणि प्रकाशाच्या वेगाने पसरत जातं. ग्रह सूर्याभोवती फिरतानाही लहर निघते, हे अगदी खरं. पण केवढी? हिशेब आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून येतो: ग्रहाच्या वस्तुमानाचा वर्ग, भागिले सूर्यापासूनच्या अंतराचा पाचवा घात. पृथ्वीच्या वाट्याला साधारण 200 वॉट येतात. शनी पृथ्वीच्या 95 पट जड, पण सूर्यापासून साडेनऊ पट लांब. कागदावर मांडून बघा, 22-23 वॉटच्या आसपास उत्तर येईल. तेही सगळ्या दिशांना मिळून. ग्रहांत दांडगा गुरू. त्याचे पाच हजारांवर जातात, म्हणजे केळीच्या बागेला पाणी देणारी साडेसात एचपीची मोटर. एवढ्यावर कुणाचं लग्न अडत असेल तर अवघड आहे.

आता खरी लहर बघू. 14 सप्टेंबर 2015 ला पकडलेली. सूर्याच्या 36 पट आणि 29 पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं, 130 कोटी प्रकाशवर्षांवर, एकमेकांत विलीन झाली होती. उरलं एकच, 62 पटीचं. मधलं तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या अंशात लहरींच्या रूपात बाहेर पडलं. एवढा हलकल्लोळ होऊन पृथ्वीवर काय पोहोचलं? चार किलोमीटरच्या लांबीत पडलेला फरक, प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका!

तो मोजला तरी कसा? अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन ठिकाणी लायगोच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात आहेत. आतली हवा उपसलेली, टोकांना काचेच्या धाग्यांवर टांगलेले 40 किलोचे आरसे. एकच लेझर झोत दुभागून दोन्हीकडे सोडतात. तो आरशांमध्ये शेकडो फेऱ्या मारतो. परतल्यावर दोन्ही भागांनी एकमेकांना पुसून टाकावं अशी जुळणी असते. लहर आली की एक भुजा लांबते, दुसरी आखडते, पुसणं अपुरं राहतं आणि थोडा प्रकाश निसटतो. तेवढाच मोजायचा.

पण प्रकाश ट्रकच्या धडधडीनेही निसटतो, वाऱ्यानेही. खरी मेहनत इथून पुढे. लहरीचा आराखडा गणिताने आधीच तयार ठेवून तो गोंगाटात शोधावा लागतो. त्यासाठी कोणते आराखडे निवडायचे याचा पायाभूत शोधनिबंध 1991 चा. लेखक पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश. आपल्याकडे लायगोचं नाव पोहोचायला आणखी पाव शतक गेलं. शिवाय एकाच ठिकाणच्या नोंदीवर सहसा कुणी विसंबत नाही. 2015 चा संकेत लिव्हिंग्स्टनला आला आणि सात मिलिसेकंदांनी, तसाच, हॅनफर्डला.

"संगणकात घुसडला असेल" म्हणणाऱ्यांसाठी: 2010 मध्ये खरोखर घुसडला होता. परीक्षा म्हणून, मोजक्या लोकांनी, गुपचूप. बाकीच्यांनी महिनोन्महिने तपासला, निबंध लिहून तयार ठेवला, आणि मार्च 2011 मध्ये कळलं की खोटा. 2015 च्या संकेतानंतर सगळ्यात आधी हीच शंका फेडून घेतली. नोंदी जाहीर आहेत, कुणीही उतरवून घ्याव्यात.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. लायगो ही दुर्बीण नव्हे. तिला काही दिसत नाही, आकाशाकडे तोंडही नसतं. तिच्यातून किरणं बाहेर पडत नाहीत. ज्योतिर्लिंग आहे म्हणून औंढा निवडलं नाही, जमीन एरवी शांत आणि सपाट आहे म्हणून निवडलं. हिंगोलीला 2024 मध्ये बसलेले भूकंपाचे धक्के लायगोमुळे नव्हेत. यंत्र अजून बसायचंय हो! आणि धक्का बसला तर आरसे काही काळ डगमगतात, मोजणी थांबते, पुन्हा सुरू होते. अडचण रोजच्या थरथरीची असते.

सगळ्या लहरी लायगोलाच सापडतात असंही नाही. वर्षानुवर्षांत एक हेलकावा घेणाऱ्या लहरींसाठी नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजते. जून 2023 मध्ये तशा लहरींचे पुरावे जाहीर झाले, त्यात तिच्या नोंदी होत्या. त्या लहरी बहुधा आकाशगंगांच्या पोटातल्या महाकाय कृष्णविवरांच्या. शनीच्या नाहीत, आधीच सांगतो.

भारतातच कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. दोनच यंत्रं असली की लहर कुठून आली ते धड कळत नाही; 2015 ला शोधायची जागा सुमारे 600 चौरस अंश निघाली. ऑगस्ट 2017 मध्ये इटलीतलं व्हर्गो सोबत होतं, तेव्हा ती 28 वर आली आणि दुर्बिणींना न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर डोळ्यांनी बघता आली. पृथ्वीच्या या अंगाला यंत्र असलं तर दिशा आणखी नेमकी मिळेल.

आणि "आपल्या खान्देशात का नाही?" याचं उत्तर ऐकायला मुक्ताईनगरच्या हायवेवर रात्री दोनला उभं राहावं. सुरत-नागपूरचे ट्रक तेव्हाही थांबलेले नसतात.