हिशेबात नसलेले तीन महिने

माघ-फाल्गुनाच्या सुमारास प्राथमिक शाळांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. कुणाला कांजिण्या आलेल्या असतात, कुणाच्या अंगावर बारीक लाल पुरळ उठलेले असते. मुलाच्या दृष्टीने हा आठ-दहा दिवसांचा प्रश्न. परंतु त्याच वर्गासमोर उभी असलेली शिक्षिका नुकतीच गर्भवती असेल, तर तिचे ते दिवस संपता संपत नाहीत. त्या मुलाची वही आपण तपासली, त्याला जवळ बसवून पाढे म्हणवून घेतले. आता पोटातल्या जिवाचे काय, हा प्रश्न ती एकटीच उराशी घेऊन असते. विचारावे कोणाला? तिच्या गर्भारपणाची वार्ता अद्याप घराबाहेर गेलेलीच नसते.

ही भीती निराधार नाही. तशी ती सरसकट खरीही नाही. कांजिण्या बहुतेक स्त्रियांना बालपणीच होऊन गेलेल्या असतात व त्यांना सहसा धोका नसतो. ज्यांना झालेल्या नाहीत त्यांना गर्भारपणात हा आजार जड जाऊ शकतो. मात्र पहिल्या वीस आठवड्यांत तो झाला तरी गर्भाला व्यंग येण्याचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपास असते. रुबेला, म्हणजे ज्याला पूर्वी जर्मन गोवर म्हणत, त्याची गोष्ट नेमकी उलट आहे. तो मुलाला फारसा जाणवत नाही, मोठ्यांना कित्येकदा कळतही नाही. परंतु पहिल्या बारा आठवड्यांत मातेला त्याचा संसर्ग झाला, तर गर्भाला इजा होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. डोळे, कान आणि हृदय यांवर मुख्यतः घाला पडतो. सोळा आठवड्यांनंतर हा धोका झपाट्याने ओसरतो.

हे ज्ञान जगाला मिळाले ते आयांच्या बोलण्यातून. १९४१ साली सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बालके एकामागून एक येऊ लागली. सहकाऱ्यांकडील धरून अशी ७८ बालके झाली. त्यांच्या मातांच्या हकिगतींत एक समान धागा होता: बहुतेकींना गर्भारपणाच्या प्रारंभी रुबेला होऊन गेला होता. ‘लॅन्सेट’सारख्या मान्यवर नियतकालिकाने १९४४ साली हे सिद्ध झाले नसल्याचा शेरा मारला. पुढे १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २० हजार बालके या रोगाचे व्यंग घेऊन जन्मली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. १९६९ मध्ये तेथे लसीला परवाना मिळाला.

आता आपल्या व्यवस्थेकडे पाहू. आपल्याकडे पहिले तीन महिने गर्भारपण बोलून दाखवत नाहीत. तिसऱ्या महिन्यात भरायची ओटीसुद्धा ‘चोरओटी’ असते. कायद्याचा हिशेब शेवटच्या महिन्यांपासून सुरू होतो. १९६१ च्या कायद्याने आलेली प्रसूतिरजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली, हे स्वागतार्हच. पण प्रसूतीपूर्वी त्यांतले आठच आठवडे घेता येतात. गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी महिन्याभराची जादा रजा आहे; परंतु संसर्गाची शक्यता हा काही आजार नव्हे. म्हणजे ज्या तीन महिन्यांत रुबेलाचा धोका सर्वाधिक, ते रूढीने झाकलेले आणि नियमाने वगळलेले आहेत. अंगणवाडीत मानधनावर राबणाऱ्या सेविकेची स्थिती तर याहून बिकट.

लसीकरणाने हा प्रश्न सुटला, असे समजण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी. त्या वेळी ज्या मुली पंधरा वर्षांच्या पुढे होत्या त्या मोहिमेबाहेर राहिल्या. आज नवशिक्षिका, सेविका, परिचारिका म्हणून रुजू झालेल्या कितीतरी तरुणी त्याच वयाच्या आहेत. त्यांतील पुष्कळजणींना रोग नकळत होऊन गेला असेल, काहींनी खासगीत लस घेतली असेल. पण आपण सुरक्षित आहोत की नाही, हे त्यांतल्या किती जणी खात्रीने सांगू शकतील?

शिवाय अर्धवट लसीकरणात एक गोम आहे. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास मुलांना रुबेलाची लस मिळू लागली. पण ती पुरेशा मुलांपर्यंत पोचली नाही. साथी लांबल्या, त्यामुळे मुली रोग न होताच वयात आल्या, आणि १९९३ च्या साथीत त्याची किंमत नवजात बालकांनी मोजली. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे याहून कठोर उदाहरण क्वचितच सापडेल. अफवेवर विश्वासून एका घराने टाळलेल्या लसीचा भुर्दंड दुसऱ्याच घरातील, अजून न जन्मलेल्या जिवाला पडतो.

उपाय खर्चिक नाहीत. रुबेलाची वा कांजिण्यांची लस गर्भारपणात देता येत नाही, आणि ती घेतल्यावर निदान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. तेव्हा वेळ आहे ती त्याआधीची. अध्यापक विद्यालयांत प्रवेशाच्या वेळी वा नेमणुकीच्या वेळी लसीची नोंद पाहावी. नसल्यास लस द्यावी. वर्गात असा रुग्ण आढळताच मुख्याध्यापकांनी सर्व कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे, म्हणजे कुणाला आपले गुपित उघड न करता डॉक्टरांकडे जाता येईल. रक्ताच्या एका तपासणीने पूर्वीची प्रतिकारशक्ती आहे की नाही हे बहुधा कळते. तो निर्णय येईपर्यंत वैद्यकीय चिठ्ठीवर पगारी रजा मिळावी. एका बधिर वा दृष्टिहीन बालकाच्या संगोपनाचा व शिक्षणाचा आयुष्यभराचा खर्च मांडला, तर या चार दिवसांच्या रजेचा बोजा कोणत्या अंदाजपत्रकाला पेलणार नाही?

दुसऱ्यांची मुले सांभाळणे हेच जिचे काम, तिच्या मुलाची काळजी तिने एकटीने, गुपचूप करावी, हा हिशेब न्यायाचा नाही.