बोली आणि बीजगणित

तयार मांडलेले समीकरण आपल्यापैकी पुष्कळांना शाळेत सोडविता येत असे. परंतु तेच गणित शब्दांत घालून दिले की पेन्सिल जागच्या जागी थांबे. याला गणिताचे अज्ञान हे कारण नव्हे. बोलीतले वाक्य ही एक भाषा आहे आणि चिन्हांतली राशी ही दुसरी. एकीतून दुसरीत जाताना जो अनुवाद करावा लागतो, तो आपणांस सहसा कोणी सावकाशीने शिकविलेला नसतो. आज त्या अनुवादाचाच थोडा विचार करू.

परभणी जिल्ह्यात हा विचार करण्यास विशेष औचित्य आहे. आपल्या जिल्ह्यातील पाथरी म्हणजेच जुन्या ग्रंथांतील पार्थपूर. तेथील ज्ञानराज या ज्योतिर्विदाने इ. स. १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर १५३८ मध्ये 'सूर्यप्रकाश' आणि 'लीलावती'वर १५४१ मध्ये 'गणितामृतकूपिका' अशा दोन टीका लिहिल्या. याच सूर्यदासाने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. त्यातील श्लोक सुलट वाचला तर रामकथा आणि उलट वाचला तर कृष्णकथा! काव्यात क्रम उलटला की दुसरा अर्थ मिळतो आणि आपण आनंदित होतो. गणितात क्रम उलटला की उत्तर चुकते.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये हा अनुवाद कसा केला ते पाहू. त्यांचे एक उदाहरण असे आहे : एकाजवळ ६ घोडे आणि ३०० नाणी आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याला १०० नाण्यांचे ऋण आहे. घोडे सारख्या किमतीचे व दोघांची संपत्ती समान; तर घोड्याची किंमत किती? अज्ञात किमतीला आचार्य 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जितके असेल तितके', आणि थोडक्यात 'या' लिहितात. ज्ञात संख्येला 'रूप', थोडक्यात 'रू'. एका ओळीत या ६ रू ३००, तिच्याखाली या १० रू १००, आणि ऋण दाखविण्यासाठी त्या १०० वर एक टिंब. दोन्ही बाजूंतून ६ 'या' काढले व ऋणाचे १०० दोन्हींकडे मिळविले, की ४ 'या' बरोबर ४०० उरतात. घोड्याची किंमत १००. एकापेक्षा अधिक अज्ञाते असली की ते कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे घेतात.

आता आपल्या बोलीकडे वळू. अज्ञात संख्येला क्ष म्हणू. 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी' म्हणजे क्ष − ५. पण '५ मधून ती संख्या वजा' म्हणजे ५ − क्ष. 'संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने अधिक' म्हणजे २क्ष + ३. पण 'संख्येत ३ मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट' म्हणजे २(क्ष + ३). क्ष च्या जागी १० घातले तर पहिलीचे २३ होतात, दुसरीचे २६. शब्द जवळजवळ तेच. आधी काय करावयाचे, एवढाच फरक.

हा कंस आपल्याला परका आहे असे मात्र नाही. एकोणीस म्हणजे वीसात एक ऊन, २० − १. पावणेदोन म्हणजे २ − १/४. मग पावणेदोनशे किती? २०० तून पाव काढून १९९ ३/४ असे बाजारातला कोणीही म्हणणार नाही. (२ − १/४) × १०० हा कंस मनातल्या मनात सोडवून तो १७५ मोजून देईल. बीजगणित हाच कंस कागदावर मांडते, इतकेच.

तो कागदावर का मांडावा, हे बटईच्या व्यवहारावरून ध्यानात येईल. 'खर्च वजा जाता निम्मा माल मालकाचा' एवढेच तोंडी ठरले आहे असे समजा. कसणाऱ्याने बियाण्या-खताला घातलेला खर्च २ क्विंटल मालाइतका आहे आणि एकूण माल क्ष क्विंटल. आधी खर्च वजा करून मग निम्मे केले तर मालकाचा वाटा (क्ष − २)/२. आधी निम्मे करून त्यातून खर्च वजा केला तर क्ष/२ − २. माल २० क्विंटल झाला तर मालकाला पहिल्या रीतीने ९ आणि दुसऱ्या रीतीने ८. वजाबाकी करून पाहा : पीक कितीही येवो, हा फरक १ क्विंटलच, म्हणजे खर्चाच्या निम्मा. पहिल्या रीतीत खर्च दोघांचा, दुसरीत एकट्या मालकाचा. दोघेही प्रामाणिक असताना खळ्यावर जो वाद उभा राहतो, त्याचे मूळ पुष्कळदा न घातलेल्या कंसात असते.

आणखी एक फसवी जागा. 'एका मुकादमामागे १२ मजूर' हे वाक्य ऐकून अनेकजण १२ज = म असे लिहितात. कारण ज म्हणजे 'मजूर' असे ते वाचतात. वस्तुतः अक्षर माणसाचे नाव नसून माणसांच्या संख्येचे आहे. मुकादम ५ असतील तर मजूर ६०; म्हणून ज = १२म हीच मांडणी खरी.

तेव्हा तीन गोष्टी सांभाळाव्यात. अक्षर कशाची संख्या दाखविते आणि कोणत्या मापात, हे प्रथम लिहावे. आधी कोणती क्रिया व मग कोणती, हे ठरवून कंस घालावा. शेवटी अक्षराच्या जागी एखादी लहान संख्या घालून वाक्याशी ताळा पाहावा. मुलांना शाब्दिक गणित शिकविताना उत्तराची घाई न करता, 'हे वाक्य तुझ्या शब्दांत पुन्हा सांग' असे आधी म्हणावे. ज्याला वाक्य नेमके सांगता आले, त्याने निम्मे गणित सोडविलेच. आणि करारावर सही करणाऱ्या मोठ्यांनाही हीच सवय उपयोगी पडेल.