घरातली कागदपत्रं ब्लॉकचेनवर ठेवावीत का?

‘ब्लॉकचेन’ हा शब्द आता इंजिनिअरिंगच्या मुलांपुरता राहिलेला नाही. ‘कागदपत्रं ब्लॉकचेनवर टाका, कायमची सुरक्षित राहतील, सोबत कॉइनही घ्या’ अशा अर्थाचे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतात. आपल्या समाजात कागदांची काळजी किती आहे, हे वेगळं सांगायला नको. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, निकाहनामा, नावातल्या एका अक्षराचा फरक, यांनी अनेक घरांची झोप उडवली आहे. त्यामुळे असा मेसेज आला की माणूस चटकन विश्वास ठेवतो. त्याआधी हे तंत्रज्ञान नेमकं काय करतं, ते समजून घेऊ या.

थेट एकाकडून दुसऱ्याकडे

आपण ड्राइव्हवर फोटो ठेवतो, तेव्हा तो एका कंपनीच्या सर्व्हरवर जातो. कंपनीने खातं बंद केलं की फोटोही हाताबाहेर जातो. याला पर्याय म्हणून थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल देण्याची पद्धत निघाली. तिला पीअर-टू-पीअर म्हणतात. 2001 मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बनवलेलं बिटटोरेंट हे तिचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यात फाईलचे छोटे तुकडे होतात. जो तुकडे घेतो, तोच ते पुढे इतरांना देतो. मोहल्ल्यात एकाच पुस्तकाची पानं दहा घरांत वाटलेली असावीत आणि ज्याला जे पान हवं ते त्याने शेजाऱ्याकडून घ्यावं, तसं हे आहे.

यात दोन अडचणी आहेत. मिळालेलं पान खरं की कुणी बदललेलं? आणि काम झाल्यावर सगळ्यांनी पानं फेकून दिली तर पुस्तक कुठे शोधायचं? ब्लॉकचेन येते ती या दोन प्रश्नांपाशी.

लिखापढी आणि गवाह

सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि त्यावर गवाह ठेवण्याची हिदायत आहे, हे आपल्याला माहीत आहे. ब्लॉकचेन समजायला हाच दाखला घ्या. ही एक वही आहे. तिची नक्कल हजारो कॉम्प्युटरवर असते आणि नवी नोंद सगळ्यांच्या वहीत जाते. एकाने आपल्या वहीत खाडाखोड केली, तर बाकीच्या वह्या त्याला खोटं ठरवतात. ही कल्पना 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनसाठी मांडली गेली.

पण या वहीत फाईल मावत नाही. बिटकॉइनच्या एका ब्लॉकची मर्यादा मुळात 1 एमबी होती, आणि मोबाईलचा एक चांगला फोटोच 3-4 एमबीचा असतो. म्हणून वहीत फाईलचा फक्त ‘हॅश’ लिहितात. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-256 या पद्धतीत कितीही मोठ्या फाईलचा ठसा 64 अक्षर-अंकांचा होतो. मार्कशीटच्या फाईलमध्ये 58 चे 68 केले, तर सगळा ठसा बदलतो आणि चोरी पकडली जाते.

थोडक्यात, ब्लॉकचेन फाईलची गवाही देते. फाईल दुसरीकडेच असते. आणि मुळात खोटा दाखला स्कॅन करून टाकला, तर ‘हा दाखला बदललेला नाही’ एवढंच ती सांगते. तो खरा आहे, असं नाही.

याचा उपयोग आपल्या राज्यातही झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात 2022 मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनच्या आधारे पडताळण्याची सोय सुरू झाली. तिथे दाखला देणारं सरकारी कार्यालयच नोंद करतं, म्हणून त्या गवाहीला वजन आहे.

फाईल सांभाळणार कोण?

29 एप्रिल 2017 रोजी तुर्कस्तानात विकिपीडियावर बंदी आली. तेव्हा ‘आयपीएफएस’ या पीअर-टू-पीअर जाळ्यावर काम करणाऱ्यांनी तुर्की विकिपीडियाची नक्कल तिथे ठेवली. एक पत्ता बंद केला तरी नक्कल असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लोक वाचू शकत होते. मात्र ती त्या दिवसापर्यंतचीच नक्कल होती. वाचता येई, दुरुस्ती करता येत नसे. बंदी जानेवारी 2020 मध्ये उठली.

त्या नकलेच्या मागे ब्लॉकचेन नव्हती. लोकांनी आपल्या मर्जीने ती सांभाळली. मर्जी संपली की फाईलही संपते. यावर तोडगा म्हणून आयपीएफएस बनवणाऱ्या प्रोटोकॉल लॅब्जने ऑक्टोबर 2020 मध्ये ‘फाईलकॉइन’ सुरू केलं. यात फाईल ठेवणाऱ्याला टोकनमध्ये भाडं मिळतं, पण त्याला आधी अनामत ठेवावी लागते. फाईल आपल्याकडे आहे, याचा गणिती पुरावा त्याला दर 24 तासांनी द्यावा लागतो. पुरावा चुकत राहिला तर अनामत कापली जाते. हा करार ठरावीक मुदतीचा असतो. भाडं थांबलं, तर ‘कायमची सुरक्षित’ ही गोष्टही थांबते.

मग आपण काय करावं?

पहिली गोष्ट, सगळ्यांनी वाचावी अशी चीज आणि घरातली चीज वेगळी ठेवा. वाचनालयातली कॉपीराइट संपलेली उर्दू पुस्तकं, जुन्या रिसाल्यांचे स्कॅन अशा जाळ्यावर ठेवणं उत्तम. जितक्या नकला, तितकं चांगलं. आधार, पासबुक, निकाहनामा, आजारपणाचे रिपोर्ट तिथे उघडे टाकू नका. एकदा दुसऱ्याने नक्कल घेतली की आपल्या ‘डिलीट’ला अर्थ राहत नाही. घरच्या लेकी-सुनांची माहिती ही अमानत आहे.

दुसरी गोष्ट, कुलूप लावून म्हणजे एन्क्रिप्ट करून फाईल ठेवता येते, पण किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असं विचारणारं तिथे कुणी नसतं.

तिसरी गोष्ट, कागदांसाठी साधा मार्ग पुरेसा आहे. मूळ कागद कोरड्या जागी फोल्डरमध्ये, स्कॅन दोन पेन ड्राइव्हवर, आणि त्यातला एक दुसऱ्या विश्वासू घरी. सरकारचं डिजिलॉकर 2015 पासून आहे. त्यात खात्याने स्वतः दिलेला दाखला कायद्याने मूळ कागदासारखाच मानला जातो. आपण स्वतः अपलोड केलेल्या स्कॅनला तो दर्जा नाही, हे लक्षात ठेवा. नावातला फरकही कुठल्याच ब्लॉकचेनने मिटत नाही. त्यासाठी संबंधित कार्यालयातच अर्ज करावा लागतो.

चौथी गोष्ट, फाईल ठेवणं आणि कॉइन विकत घेऊन नफ्याची वाट पाहणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. फाईलकॉइनचा भाव एप्रिल 2021 मध्ये 200 डॉलरच्या वर गेला होता. 2022 संपेपर्यंत तो 5 डॉलरच्या खाली आला. भारतात अशा कॉइनच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. क्रिप्टोच्या जायज-नाजायजबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. पैसा गुंतवण्याआधी आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारा.

कागद सुरक्षित ठेवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. फाईल नेमकी कुठे राहणार? किल्ली कुणाकडे असणार? भाडं किती वर्षांचं भरलं आहे? याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर कागदही देऊ नका आणि पैसेही.