उशिरा बोलणारे मूल आणि लांबचा विमानप्रवास

हुबळीहून परदेशी जाणाऱ्या कुटुंबास आधी मुंबई वा बंगळूरसारखे मोठे शहर गाठावे लागते. पुढे मुंबई ते लंडन हा टप्पाच ९-१० तासांचा. संगती उशिरा बोलणारे मूल असेल, तर त्याचा आक्रोश हा पुष्कळदा हट्ट नसून न सापडलेला शब्द असतो. विमान उतरताना हवेचा दाब बदलून कान दुखतात. ते त्याला सांगता येत नाही. अशा वेळी घोटघोट पाणी पाजावे. गिळल्याने कान मोकळे होतात. पाणी, भूक, झोप, शौच यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून घरीच सवय करावी. मुलाने चित्रावर बोट ठेवावे, आईबापांनी तो शब्द उच्चारावा. खेळही असाच असावा. पिशवीतून एकेक वस्तू काढावी, तिचे नाव घ्यावे आणि थांबावे. त्या थांबण्यातच मुलाची पाळी येते. घरी मराठी, दारी कानडी, म्हणून बोलणे लांबते, हा समज निराधार होय. घरची भाषा टाकू नये. मात्र श्रवणाची व वाचेची तपासणी लांबवू नये. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून हेच कार्य करीत आहे.