पदवी, पगार आणि हप्ता

मी कवितेचा माणूस. हिशेबाशी माझं फारसं सख्य नाही. पण गेल्या महिन्यात बहिणीनं मांजरीच्या घरी बोलावलं आणि समोर सोन्याच्या चार बांगड्या ठेवल्या. भाची दातांची डॉक्टर आहे. तिला सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, म्हणजे एम.पी.एच., करायची आहे. "मामू, फी जास्त आहे, पण पुढं मोठं पॅकेज मिळतं," असं म्हणत तिनं एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक पुढं केलं.

ही पदवी कशाची? एकेका रुग्णाऐवजी अख्ख्या वस्तीचं आरोग्य सांभाळण्याची. साथ कुठून आली, लस कुणापर्यंत पोचली नाही, पाणी कुठं बिघडलं, हे शोधायचं. आमच्या भागाला हे काम नवं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी शेजारच्या मुंढव्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या.

भारतात एम.पी.एच. १९९७ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत सुरू झाली. या पदवीनं रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. नोकऱ्या असतात सरकारी अभियानांत, स्वयंसेवी संस्थांत, संशोधन प्रकल्पांत. त्यातल्या बऱ्याच कंत्राटी. प्रकल्पाचा निधी संपला की नोकरीही संपते.

आता पॅकेज. समजा, पाच मुलं पास झाली. त्यांना वर्षाला ३, ३, ४, ४ आणि १६ लाख मिळाले. सरासरी निघते ६ लाख, पण चौघांना त्याहून कमीच मिळालं! म्हणून सरासरी विचारू नका. मधल्या मुलाचा पगार विचारा. इथं तो ४ लाख आहे. आणि किती जणांना नोकरीच लागली नाही, तेही विचारा.

मग हप्ता. १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, मुदत १० वर्षं, तर महिन्याला सुमारे १३,२०० रुपये. शिक्षण चालू असताना हप्ता सहसा थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. वर्षाला ४ लाख म्हणजे महिन्याला सुमारे ३३,०००. त्यातून हप्ता गेला की खोलीभाडं, जेवणखाण, प्रवास २० हजारांत बसवायचा.

हे कागदावर मांडलं तेव्हा भाची गप्प झाली. मी म्हटलं, "बेटा, शिकू नकोस असं नाही म्हणत. सावित्रीबाईंच्या नावाच्या पुणे विद्यापीठात ही पदवी आहे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही आहे. आधी तिथली फी बघ. तिथून शिकून गेलेल्या दोघा-तिघांना फोन कर. पहिला पगार किती, नोकरी किती दिवस टिकली, एवढंच विचार."

तिनं फोन केले. आता ती प्रवेश परीक्षेचा अभ्यास करते आहे. बांगड्या बहिणीनं पुन्हा हातात घातल्या आहेत.