छोटेसे पाकीट, लांबलेली रांग

लाच म्हणायला जड जाते, म्हणून आपण चहापाणी म्हणतो, चिरीमिरी म्हणतो. ग्रीस देशात त्यालाच ‘फाकेलाकी’ म्हणतात. ‘फाकेलोस’ म्हणजे पाकीट आणि ‘फाकेलाकी’ म्हणजे छोटेसे पाकीट. परवाना असो वा कराची कचेरी, तिथे ते अनेक ठिकाणी चालत आले. पण सर्वांत बदनाम झाले ते सरकारी दवाखान्यातले पाकीट. म्हणून आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

ग्रीसमध्ये १९८३ साली कायद्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी राहिली. पैसा नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हा तिचा हेतू. पण ऑपरेशनची तारीख डॉक्टर ठरवणार आणि आपला नंबर कितवा हे रोग्याला कळणार नाही, तेव्हा नातेवाईक पाकिटात नोटा घालून सर्जनच्या हाती देऊ लागले. कधी ते मागितले जाते, कधी न मागता दिले जाते. नाही दिले तर आपल्या माणसाकडे नीट बघतील का, ही भीती मनात असते. पावती अर्थातच नसते. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या ग्रीस शाखेच्या अंदाजाने, २००९ या एका वर्षात तिथल्या कुटुंबांनी सरकारी व खासगी कामांसाठी मिळून ७८ कोटी युरोंहून अधिक रक्कम अशी दिली.

देणारा म्हणतो, ‘आम्ही आभार मानले.’ पण आभाराने कोणाचा नंबर बदलत नाही. पाकिटाने बदलतो. एक जण पुढे सरकला की ज्याच्याकडे पाकीट नाही तो मागे ढकलला जातो, आणि त्याला ते कळतही नाही. त्याचा आजार मात्र थांबत नाही.

यावर उपाय निघाला तो उघडपणाचा. बंगळुरूत २०१० साली ‘आय पेड अ ब्राइब’ हे संकेतस्थळ सुरू झाले. कुठे, कशासाठी, किती लाच द्यावी लागली हे लोक नाव न सांगता तिथे लिहीत. त्यावरूनच २०१२ साली ग्रीसमध्ये ‘मी फाकेलाकी दिली’ या अर्थाच्या नावाचे संकेतस्थळ निघाले. पुढे २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांनी ऑपरेशनची प्रतीक्षायादी उघड करावी असा नियम तिथे आला. रांग डोळ्यांना दिसली की पाकिटाचा जोर कमी होतो.

आपल्याकडेही हे लक्षात ठेवा. सरकारी दवाखान्यात पैसे भरले तर पावती मागा. पावतीशिवाय कोणी पैसे मागितले तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. देण्याआधीच कळवणे उत्तम. लाच देणे हाही गुन्हा आहे; पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि ७ दिवसांच्या आत कळवले, तर कायदा देणाऱ्याला गुन्हेगार धरत नाही. घरातल्या मोठ्यांना आणि वस्तीतल्या शेजाऱ्यांना हे ७ दिवस जरूर सांगा.